प्रकल्प नोंदी: सीजे-३बी जीपचा हँडब्रेक

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

गाडी महिंद्राची सीजे-३बी, १९७१ सालची, पेट्रोल. गगनबावड्याच्या काकांकडून कोल्हापूरला आणलेली. इंजिन आणि वायरिंगचं काम आधीच उरकलंय, आता हँडब्रेक. डॅशबोर्डखालचा टी-हँडल पार बाहेर ओढला तरी दारातल्या उतारावरून गाडी घरंगळते. ओढताना हाताला काही लागतच नाही, नुसती तार सरकल्यासारखी वाटते.

काकांनी किल्लीबरोबर मागच्या सीटखालचे दोन दगडही दाखवून ठेवले होते. "जीपला हँडब्रेक नसतोच रे, नुसता दांडा असतोय. उतरलास की आधी दगड लाव." हेच बोलणं मी ड्रायव्हरांकडून आणि गॅरेजवाल्यांकडूनही ऐकत आलोय. मला ते पटत नाही. या जीपची ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना जोर देणारी पेटी) न्यूट्रलला टाकून पीटीओवर, म्हणजे इंजिनाचा जोर बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या जोडावर, पंप किंवा करवत चालवायची सोय कारखान्यानेच ठेवली होती. केस न्यूट्रलला गेली की गिअरचा चाकांशी संबंध तुटतो. इंजिन चालू, पट्टा फिरतोय, आणि गाडीला जागेवर धरून ठेवतोय तो एकटा हँडब्रेक. ज्याच्यावर एवढा भरवसा ठेवून गाडी बनवली, तो जन्मापासून निकामी कसा असेल? या कामाचं उद्दिष्ट तेवढंच आहे: कारखान्यातून निघताना तो जसा धरत होता तसा आजही धरला पाहिजे.

हा ब्रेक कुठे आहे ते आधी लिहून ठेवतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आजच्या बहुतेक गाड्यांसारखा हा मागच्या चाकांत नाही. ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी, जिथून मागचा प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलकडे जोर नेणारा दांडा) निघतो, तिथे एक छोटा ड्रम आहे. आत दोन शू, म्हणजे घासायचं लायनर लावलेल्या दोन कमानी. हँडल ओढला की शू पसरतात आणि शाफ्ट धरला जातो. चाकं धरली जातात ती शाफ्टमार्फत. जुन्या लँड रोव्हरलाही हीच पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ड्रमच्या बाहेरून आवळणारा पट्टा असे, त्यात चिखल आणि खडे सहज शिरत. विलीजने १९५३ साली आणलेल्या सीजे-३बीला बंदिस्त ड्रम मिळाला. उंच बॉनेटवरून जी जीप लांबूनही ओळखू येते तीच ही. हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह माथ्यावर गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर गेलं. अमेरिकेतल्या टोलेडोच्या कारखान्यात ही गाडी १९६८ ला थांबली, आपल्याकडे महिंद्राने पुढे कित्येक वर्षं बनवली.

आता हिशेब. गाडी माणसांसकट १२०० किलो धरू. पाच फुटांना एक फूट असा खडा चढ धरू. गाडीला खाली ओढणारा जोर साधारण २३५ किलो. ६.००-१६ टायरची त्रिज्या अंदाजे ३५ सेंटीमीटर, म्हणजे चाकांवर ८२ किलोग्रॅम-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर). ब्रेक चाकात असता तर एवढा टॉर्क त्याला पेलावा लागला असता. पण मध्ये डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा ॲक्सलमधला गिअर) आहे, त्याचं प्रमाण ५.३८ ला १, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८. त्यामुळे शाफ्टवर पोचतो तो फक्त १५ किलोग्रॅम-मीटर. एवढ्याशा ड्रमलाही तो सहज पेलण्यासारखा आहे. म्हणून मी ठामपणे म्हणतो, जीपचा हँडब्रेक धरत नसेल तर काहीतरी बिघडलंय. "जीपचं असंच असतंय" हे उत्तर नाही.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो, दुपारी गाडीखाली.

खाली शिरण्याआधीची गोष्ट, जीप बाळगणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी अशी. ब्रेक शाफ्टवर असल्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक असून नसल्यासारखा. शाफ्ट घट्ट धरलेला असला तरी डिफरन्शियल उचललेलं चाक उलटं फिरू देतो, आणि जमिनीवरचं चाक गाडीला घेऊन निघतं. गाडी गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही, तोही त्याच शाफ्टवर येतो. पंक्चर काढताना जीप जॅकवरून निसटते ती अशी. फोर बाय फोर लावला तर पुढचा आणि मागचा शाफ्ट केसमध्ये एकमेकांना जखडले जातात आणि तोच हँडब्रेक पुढची चाकंही धरतो. पुढे फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सुटी करणारे) बसवलेले असतील तर ते लॉक केलेले हवेत. तरीसुद्धा चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय मी जॅकला हात लावत नाही. आज पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मागे ॲक्सलखाली दोन घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड.

केसचा मागचा भाग ऑईल आणि मातीच्या जाड थराने मढलेला. खरवडला, डिझेलने धुतला, कोरडा केला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून कॉम्प्रेसरची हवा मारली नाही. ड्रमच्या आसपासची सगळी धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि फडकी पिशवीत बांधून टाकली. हे काम करणाऱ्या पोरांना मी हात जोडून सांगेन, ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका. गॅरेजमध्ये हवेचा पाइप हाताशी असतो म्हणून तो मारला जातो, आणि ती धूळ थेट छातीत जाते.

मग सगळीकडे अंगाला लावायची पावडर भुरभुरली. इंजिन सुरू करून घोड्यांवरच मागची चाकं फिरवली, थर्ड गिअर, मंद गतीने. ऑईल नेमकं कुठून येतंय ते पावडरवर लगेच दिसतं. तीन संशयित होते: मागचं ऑईल सील, योकच्या (केसला प्रॉपेलर शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्याच्या) आतली स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या दातेरी खाचा, आणि केसमधल्या मधल्या गिअरच्या शाफ्टचं मागचं टोक. या तिसऱ्या जागेकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. तिथून झिरपलेलं ऑईल खाली ओघळतं, दोष सीलला मिळतो, आणि सील पुन्हा पुन्हा बदललं जातं.

मधल्या शाफ्टचं टोक कोरडं निघालं. ड्रमच्या खालच्या कडेला पावडर ओली होऊन काळी पडली. योकच्या मधोमध, नटाखालीही ओलसर कडं दिसलं. म्हणजे सील आणि स्प्लाइन, दोन्ही.

२४ नोव्हेंबर

केसच्या लेव्हल प्लगला पाना लावला. प्लग सुटताच ऑईलची धार. पातळी भोकाच्या बरीच वर होती. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेली असते आणि दोघांच्या मधून ऑईल इकडून तिकडे जातं. गिअरबॉक्समध्ये कुणी जास्त भरलं की ते इथे उतरतं आणि मागच्या सीलवर भार येतो. ब्रीदरही मातीने बुजलेला. गाडी तापली की आतल्या हवेला वाट मिळत नव्हती, ती ऑईलला सीलमधून ढकलत होती. ब्रीदर धुऊन मोकळा केला. गळतीची निम्मी कहाणी इथेच संपते असं माझं मत आहे.

योक काढण्याआधी आउटपुट शाफ्टची मागेपुढे हालचाल मोजायची होती. नट आवळलेला असतानाच हे माप खरं येतं, कारण बेअरिंग, स्पीडोमीटरचा गिअर आणि योक हा सगळा ढीग तो एकच नट दाबून धरतो. डायल गेज लावून शाफ्ट पुढेमागे ढकलला: ६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ४ ते ८ थाऊ हवं. मागच्या कॅपखालच्या शिमना (पातळ पत्र्याच्या चकत्यांना) हात लावायची गरज नाही. हे काम वाचलं याचा फार आनंद झाला. शिम काढल्या की बेअरिंगचं सगळं गणित नव्याने मांडावं लागतं.

मग प्रॉपेलर शाफ्टचं पुढचं टोक सोडलं. यू-बोल्ट चार नटांवर होते, ते सहज आले. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसचे कप निसटून सुया सांडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली. योकच्या नटाची स्प्लिट पिन गंजून एकजीव झालेली, ती छिन्नीने तोडून काढली. नट सुटायला लांब पाइप लागला. योक आणि ड्रम एकत्रच पुलरने ओढले. पुलरचा स्क्रू ताणून ठेवला, टोकावर हातोड्याचा एक ठोका दिला, आणि टक् करून सगळं मोकळं झालं.

आत काय होतं ते बघून काकांच्या दगडांचा उलगडा झाला. लायनर काळेभोर आणि चकचकीत. नखाने दाबलं की ऑईल वर येतं. ड्रमच्या आत ग्रीससारखा लगदा. एक स्प्रिंग तुटलेली, तिचा तुकडा खाली पडून होता. शू ड्रमला टेकत होते, पण ऑईलवर टेकत होते.

लायनर पेट्रोलने धुऊन किंवा स्टोव्हवर भाजून पुन्हा बसवायचा सल्ला लगेच मिळाला. तो मी घेणार नाही. लायनर एकदा आतपर्यंत ऑईल प्यायला की भाजून फक्त वरचा थर कोरडा होतो. गाडी चालली, ड्रम तापला की आतलं ऑईल पुन्हा वर येतं. ब्रेकच्या बाबतीत असली बचत करू नये.

३० नोव्हेंबर

आजचा दिवस कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, शिवाजी उद्यमनगरात, योक घेऊन.

सगळ्या कामाचा गाभा इथे आहे म्हणून नीट लिहितो. योकच्या नळीवर, जिथे सीलची ओठाळी टेकते, तिथे गोल खाच पडलेली होती. डोळ्यांना ती नुसती चमकणारी रेघ दिसते. नख आडवं फिरवलं तर अडतं. वर्षानुवर्षं त्याच जागी रबर घासत राहिलं, मध्ये धुळीचे कण अडकले आणि रबराने लोखंड खाल्लं. अशा खाचेवर नवं कोरं सील बसवलं तरी ते गळणारच, कारण ओठाळीला टेकायला सपाट जागाच नाही. याच जीपला पूर्वी सील बदलल्याचं काका सांगतात. तरी गळायचं ते का, याचं उत्तर त्या रेघेत होतं.

लेथवाल्या अण्णांनी योक उजेडात धरून फिरवला, नख लावून बघितलं आणि विचारलं, "नवा घेत नाही का?" नवा मिळतो. पण बाजारात हाताळलेल्या एका योकच्या स्प्लाइन शाफ्टवर सैल बसत होत्या, आणि हा मूळचा योक अजून घट्ट बसतो. मग दोन वाटा उरल्या. एक, खाचेवर वेल्डिंग भरून पुन्हा टर्निंग. दुसरी, नळी थोडी उतरवून तिच्यावर पातळ पोलादी स्लीव्ह गरम करून चढवायची आणि बाहेरून मूळ मापाला आणायची. वेल्डिंगच्या उष्णतेने योक वाकायची भीती. अण्णा म्हणाले, "स्लीव्हच घालूया. परत खाच पडली तर स्लीव्ह काढून दुसरी घालता येतीय. वेल्डिंग मारलं की ते कायमचं."

योक लेथवर धरताना त्यांनी जो वेळ दिला तो बघण्यासारखा होता. चकमध्ये नुसता आवळून ते थांबले नाहीत. स्प्लाइनमध्ये घट्ट बसणारा मँड्रेल (सरळ दांडा) घातला, त्यावर योक चढवला, सेंटरमध्ये घेतला आणि डायल लावून हळूहळू फिरवला. "सीलची जागा स्प्लाइनशी एका रेषेत आली पाहिजे. बाहेरून कितीबी गोल केलं आणि आतल्याशी जुळलं नाही, तर ओठ एका बाजूला दाबणार, दुसऱ्या बाजूला उघडणार." सील गळण्याचं हे कारण मी कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकलं नव्हतं. नळी उतरवली, स्लीव्ह तापवून चढवली, थंड झाल्यावर शेवटचा बारीक कट मारला आणि फिरत्या योकला बारीक पॉलिश पेपर ऑईल लावून धरला. पेपर सरळ धरला, मागेपुढे हलवला नाही. तिरप्या रेघा राहिल्या तर त्या स्क्रूच्या आट्यांसारख्या ऑईल बाहेर वाहून आणतात.

शेवटी बोट फिरवलं. कुठे अडलं नाही.

७ डिसेंबर

ड्रम आणि शू. ड्रम लेथवर घेतला. आत बारीक चरे होते, एका हलक्या कटात साफ झाले. मोठा कट मारू दिला नाही, हा ड्रम आधीच लहान आणि पातळ, शिवाय त्याचा तोल बिघडला की शाफ्टला थरथर येते. याच्या फिरण्याचा वेग लक्षात घ्या. गाडी ताशी ५० किलोमीटरने जाताना चाकं मिनिटाला पावणेचारशेच्या आसपास फिरतात, आणि हा ड्रम त्याच्या ५.३८ पट, म्हणजे दोन हजारांच्या घरात.

लायनर बसवणाऱ्या दुकानात समोर उभं राहून काम करून घेतलं. लायनर ॲस्बेस्टॉस नसलेला मागितला. तांब्याचे रिव्हेट. आधी मधले दोन, मग एकेक करत टोकांकडे, म्हणजे लायनर शूच्या गोलाईला चिकटून बसतो, मध्ये फुगा राहत नाही. रिव्हेटची डोकी लायनरच्या पृष्ठभागाच्या चांगली खाली गेली आहेत याची बोटाने खात्री केली. ती वर राहिली तर ड्रममध्ये चर पाडतात. दोन्ही टोकांच्या कडा कानशीने उतरवल्या. बसवलेला शू ड्रममध्ये धरून खडूने घासून बघितला, जिथे उंच लागत होतं तिथे हलक्या हाताने कानस. दोन्ही शू जवळजवळ पूर्ण टेकायला लागले तेव्हाच पैसे दिले.

८ डिसेंबर

बॅकप्लेट, कॅम (फिरून शू पसरवणारा तुकडा), लिव्हर धुऊन घासून रंगवले. कॅम आपल्या भोकात अडकत होता, गंज काढून पातळ ग्रीस लावलं. शू जिथे बॅकप्लेटवर टेकून सरकतात त्या जागांवरही थोडंसं, लायनरपासून लांब. शू ॲडजस्ट करायची दोन दातेरी चाकं गंजून घट्ट झाली होती. रात्रभर डिझेलमध्ये ठेवलेली, आज पक्कडीला कापड गुंडाळून हलवली आणि सुटली. आट्यांना ग्रीस. स्प्रिंगा सगळ्या नव्या.

नवं सील ठोकताना पाइपचा रुंद तुकडा वापरला, म्हणजे चारी बाजूंनी सारखं आत जातं. ओठाळीला ऑईल लावून घेतलं. कोरडं सील पहिल्याच फेऱ्यांत जळतं.

१४ डिसेंबर

दत्त जयंती. घरचे नरसोबावाडीला, मी दुपारनंतर केबलवर.

बाहेरचं वेटोळं दोन ठिकाणी चेपलेलं आणि आतली तार गंजलेली. हँडल ओढला की तार वेटोळ्यालाच घासत होती, निम्मा जोर वाटेतच जिरत होता. नवी केबल मापाने बनवून घेतली. आत ग्रीस भरताना केबल दोरीवर उभी टांगली, वरच्या टोकाला कागदाचं नरसाळं आणि त्यात पातळ केलेलं ग्रीस, ते खालून निघेपर्यंत वाट पाहिली. बसवताना सायलेन्सरपासून लांब नेली आणि कुठेही आखूड वळण ठेवलं नाही.

टी-हँडलच्या दांड्याचे दाते पुढच्या बाजूला गोल झाले होते. नेहमी तितकाच ओढला जायचा म्हणून तेवढेच झिजले. त्रिकोणी कानशीने धार दिली. हँडल फिरवून सोडताना आता स्पष्ट खट् आवाज येतो. लिव्हरची परतीची स्प्रिंगही नवी घातली. ती मेली की हँडल सोडूनसुद्धा शू थोडे टेकलेले राहतात, आणि मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेणाऱ्या ड्रमला टेकलेला शू काही किलोमीटरमध्येच जळतो.

१५ डिसेंबर

जोडणी. योकच्या स्प्लाइनवर सिलिकॉनचा पातळ थर, नटाच्या वॉशरखालीही. सील कितीही चांगलं असलं तरी स्प्लाइनच्या फटीतून ऑईल नटापर्यंत येतं आणि तिथून ड्रमच्या पोटात उडतं. हा मार्ग बंद केल्याशिवाय आतापर्यंतची सगळी मेहनत फुकट. नट आवळला, पिनेचं भोक जुळेना, तेव्हा पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळला. मागे कधी आणायचा नाही. नवी स्प्लिट पिन. मग पुन्हा डायल: ६ थाऊ, तेच.

ऑईल एसएई ९०, जीएल-४ प्रतीचं. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या (गिअर अलगद पाडणाऱ्या) पितळी रिंगा आहेत, केसमध्ये काशाचे वॉशर, या धातूंना जपायचं म्हणून जीएल-५ टाळलं. दोन्हीकडे लेव्हलच्या भोकापर्यंतच, थेंबभर जास्त नाही.

ॲडजस्टमेंट गाडीच्या सर्व्हिस पुस्तकाप्रमाणे केली आणि पुस्तकाची पद्धत खरोखर सुरेख आहे. हँडल पूर्ण आत. ड्रमच्या तोंडावर भोकांच्या तीन जोड्या आहेत. ड्रम फिरवत एक जोडी दोन्ही दातेरी चाकांसमोर आणायची. भोकाच्या कडेचा टेकू घेऊन स्क्रूड्रायव्हरने चाक फिरवायचं, शू ड्रमला घट्ट टेकेपर्यंत. मग प्रत्येक चाक सात दाते मागे. दोन्हीकडे सारखेच मोजायचे, नाहीतर एकच शू काम करतो. केबलची लांबी हे सगळं झाल्यावर जुळवायची. बऱ्याच गॅरेजमध्ये उलटं चालतं, शू झिजले तरी केबलच आवळत राहतात. त्याने कॅम आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि ओढायला जागाच उरत नाही.

ड्रम हाताने फिरवला. मोकळा. हँडल ओढला, पुन्हा फिरवून बघितला. हलला नाही.

२२ डिसेंबर

रविवार. पन्हाळ्याची वाट. काका शेजारी बसले.

ड्रम तापतोय का ते बघण्यासाठी वाघबिळाजवळ थांबलो. हात लावला, कोमट. शू घासत नाहीत. पुढच्या चढावर रस्ता मोकळा असलेल्या जागी पायाचा ब्रेक दाबून थांबलो, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. हँडल ओढला आणि पायाचा ब्रेक हळूच सोडला.

गाडी काही इंच मागे सरकली. काकांचा हात दाराकडे गेला. "बघ, सांगत होतो." पण ती तिथेच थबकली, मागच्या ॲक्सलमधून एक बारीक टुक् ऐकू आलं आणि मग हलली नाही. या सरकण्याने फार लोक फसतात. शाफ्टपासून चाकापर्यंत क्रॉस, स्प्लाइन, डिफरन्शियलचे दाते, सगळ्यांत थोडी थोडी ढील असते. ब्रेकने शाफ्ट लगेच धरला तरी ती ढील संपेपर्यंत चाकं फिरतात. ब्रेक सरकला असं वाटून माणूस हँडल सोडून देतो. म्हणून सवय अशी लावायची: पायाचा ब्रेक दाबून हँडब्रेक ओढायचा, पाय सावकाश उचलायचा, गाडीला आपलं वजन शाफ्टवर ठेवू द्यायचं. धावत्या गाडीत हा हँडल कधीही ओढायचा नाही. सगळा झटका क्रॉसवर आणि ॲक्सलवर येतो.

तोंड उताराकडे करूनही तेच केलं. धरला. काका खाली उतरले, गाडीला मागून खांदा लावून ढकलून बघितलं, मग बराच वेळ वाकून खाली ड्रमकडे बघत होते. "एवढासा?" म्हणाले. मी त्यांना ५.३८ चा हिशेब परत समजावला, त्यांनी तो या वेळी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

५ जानेवारी २०२५

पन्हाळ्यानंतर गाडी रोज वापरात आहे. आज पुन्हा खाली शिरलो. नवे लायनर बसताना थोडे झिजतात, हँडल दोन दाते जास्त बाहेर येत होता. पुन्हा टेकेपर्यंत आवळून सात दाते मागे, आता पहिल्यासारखा. ड्रमची खालची कड कोरडी, पावडर टाकून बघितली तशीच पांढरी राहिली. लेव्हल जागच्या जागी.

कागदपत्रांचं. गाडी पन्नास वर्षांच्या वरची आहे, त्यामुळे २०२१ च्या नियमांखाली विंटेज म्हणून नोंदवायची मुभा आहे. तो मार्ग मी घेत नाही. विंटेज नोंदणी दहा वर्षांची मिळते, पण मग गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. मला ती गगनबावड्याला शेतावर न्यायची असते, पावसात, भात भरून. म्हणून खाजगी वाहनाचंच पाच वर्षांचं नूतनीकरण करणार, त्यासाठी लागणाऱ्या तपासणीत हँडब्रेकही बघतात. तारीख पुढच्या महिन्यातली घेतली आहे.

उरलेली कामं: केसच्या पुढच्या आउटपुटचं सीलही ओलं दिसतंय, तिथल्या योकवर खाच आहे का ते नखाने बघायचं आणि असेल तर अण्णांकडेच न्यायचं. मागच्या शाफ्टच्या क्रॉसपैकी मागच्यात बारीक ढील आहे, तो बदलायचा. केबलचं टोक बॅकप्लेटजवळ उघडं राहतं, पावसाळ्याआधी त्यावर रबरी टोपी.